काटा दाराशी हवा

अण्णा,

उद्या सकाळी माझ्यासमोर ज्या बायका बसणार आहेत, त्यांची तक्रार तुमचीच आहे. मंचरच्या पलीकडे हमरस्त्याला लागून एक नवा कारखाना उभा राहिलाय. तिथे आंब्याच्या फोडी आणि मटार आधी गोठवतात आणि मग हवा काढून घेतलेल्या बंद टाकीत वाळवतात. ताटं भरायची, टाकीत सरकवायची, दार लावायचं आणि वाळल्यावर माल बाहेर काढायचा, हे काम या बायकांचं. टाकीच्या आत काय चाललंय ते सांगणारे आकडे मात्र वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, पडद्यावर. त्या खोलीत यांना जायची बंदी. वरून निरोप येतो, 'उघडा', की यांनी उघडायचं. माल ओलसर निघाला की बोल यांना. त्यांच्यातली एक परवा माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "बाई, आमी दाराशी आन् काटा माडीवर. मंग चूक आमची कशी?" हे ऐकलं आणि मला तुम्ही दिसलात. जुन्नरच्या वेशीबाहेरच्या त्या बसक्या कौलारू इमारतीच्या दाराशी, पटक्याचा शेव खांद्यावर टाकून, काठी जमिनीवर आपटून विचारणारे: "आत काय चाललंय ते आमाला कोन सांगनार?"

तुम्हाला वाचता येत नव्हतं. सहीपुरती अक्षरं तुम्ही शिकला होतात, तीही एखाद्या मस्तवाल खोंडाच्या मानेवर जू ठेवावं तशी, नेटाने. म्हणून हे पत्र मी मोठ्याने बोलत बोलत लिहितेय. नाहीतरी आयुष्यभर मी बोललेच. तळेघरला हिरड्याच्या झाडांखाली बोलले, बाजाराच्या आवारात बोलले, धरणाच्या कामावर बोलले, कचेरीच्या पायऱ्यांवर पोलीस ओढत असतानाही वाक्य पुरं केलं. तुम्ही म्हणायचात, पोरगी तोंडाळ आहे, हिला शाळेत घाला, घरातल्यांचं डोकं तरी वाचेल. शाळेतून पुण्याला आत्याकडे गेले, कॉलेजात गेले, पुस्तकं मिळतील ती वाचली, बैलाने वैरण खावी तशी, बुडखा टाकला नाही. पण बोलणं कुठे थांबवायचं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. ते शिकवलं एका लोखंडी पिंपाने, आणि तुम्ही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. बुळकांडी हे नाव आजच्या पोरांना ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नाही याचा मला अभिमान आहे. आपल्याला ठाऊक होतं. जनावराच्या डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि बघता बघता दावण रिकामी. तिच्यावर लस होती. रोग शेळीला द्यायचा आणि मग त्या शेळीच्या पानथरीतून, म्हणजे प्लीहेतून, लस काढायची. पण ती ओली लस बर्फातच जिवंत राहायची. पुण्याहून निघालेला बर्फ जुन्नरला येईतो निम्मा, आणि तिथून पुढे गाडीने आणि पायी तळेघर गाठेतो नुसतं पाणी. डोंगरातल्या गुरांना टोचलं जायचं ते मेलेलं औषध. गुरं मरायची, आणि माणसं म्हणायची, सरकारी सुई लागली म्हणून मेली. त्यांचं चुकत होतं असं मी कधीच म्हणाले नाही. ज्याला आतलं काही दाखवलं जात नाही, त्याने दुसरं काय म्हणावं?

म्हणून गुरांच्या एका डॉक्टरांनी हट्टाने जुन्नरला एक लहानसं केंद्र काढलं. लस गोठवून वाळवायची. वाळलेली लस भुकटीसारखी कुपीत राहते, बर्फाशिवाय प्रवास सोसते, आणि टोचायच्या वेळी पाण्यात कालवली की पुन्हा कामाला लागते. त्यांना यंत्राचे काटे वाचायला माणूस हवं होतं. मी इंटर सायन्स करून घरी बसले होते. तुम्ही स्वतः बैलगाडीने मला तिथे पोचवलंत, आणि गावाने तुम्हाला ऐकवायचं ते ऐकवलं. पारावर कुणीसं म्हणालं, "काय भाऊ, पोरगी शेळ्यांच्या पानथऱ्या वाळत घालती म्हनं. संगं पापड बी घालती का?" तुम्ही चंचीतून पान काढत म्हणालात, "घालती की. तुज्या म्हशीला लागंल तवा ये मागाया."

बाहेर असं, पण घरी तुम्ही मला सोडलं नाहीत. सुट्टीला मी राजुरीला आपल्या घरी आलेय. आई भाकरी थापतेय, तव्यावरची भाकरी उचलून निखाऱ्याशी उभी करतेय, आणि तुम्ही चुलीपुढे मांडी घालून माझी उलटतपासणी घेताय.

"बर्फ वाळवायचा म्हंजी काय गं? बर्फाचं व्हतं पानी, पान्याची व्हती वाफ. मदलं पानी कुटं जातं?"

"हवा काढून घेतली ना अण्णा, की बर्फाचं पाणी होतच नाही. सरळ वाफ होते."

"आन् ते तुला दिसतं?"

"कसं दिसेल? दार बंद असतं."

"मंग?"

"काटा सांगतो."

तुम्ही मान मागे टाकून हसलात. "अगं, गुळव्या बगितलास का कदी? काहिलीतला पाक काडतो, पान्यात सोडतो, बोटानं वळून बगतो. तुज्या काहिलीला झाकन, झाकनाला कुलूप, आन् पाकाचं इचारायचं घड्याळाला!"

आई म्हणाली, "गिळा आता दोगं. भाकर निवली."

तुम्ही थट्टा केलीत, पण प्रश्न नेमका होता, आणि मी त्याचं उत्तर देण्यातच आयुष्य घालवलं. ते यंत्र असं होतं. आडवं लोखंडी पिंप, हवा शिरू नये म्हणून दाराला रबराचं कडं. आत ताटांमध्ये लसीच्या लहान कुप्या, गोठवलेल्या. पिंपाच्या मागून एक जाड नळी निघे, ती एका कुंडीत जाई. ही कुंडी पुण्याहून भुशात गुंडाळून आणलेल्या कोरड्या बर्फाने इतकी गार ठेवायची की पिंपातून निघालेली वाफ तिथे जाऊन दहिवरासारखी चिकटून बसे. कुंडीच्या पुढे हवा ओढणारा पंप. ताटांच्या खालून कोमट पाणी खेळवायचं, म्हणजे बर्फाला वाफ व्हायला ऊब मिळते. हे पाणी जरा जास्त कोमट झालं की कुपीतला बर्फ वितळतो, फेसाळतो आणि लस जाते. कमी झालं तर काम रेंगाळतं आणि कोरडा बर्फ संपतो. म्हणजे आत काय चाललंय ते चालू असतानाच कळायला हवं. मागाहून कळून उपयोग नाही. आणि उघडून बघावं तर हवा शिरली की सगळी खेप बाद.

त्यासाठी दोन काटे होते. एका कुपीत बारीक तार खुपसलेली असे, तिचा काटा त्या कुपीची ऊब सांगे. कुपीत बर्फ आहे तोवर ती गार, बर्फ सरला की तापू लागते. दुसरा काटा पिंपातल्या दाबाचा. त्याची तबकडी खिशातल्या घड्याळाएवढी आणि काटा केसासारखा. डॉक्टरांचा भरवसा तारेवर होता. माझा या दुसऱ्यावर, कारण त्याला प्रश्न विचारता यायचा. पिंप आणि कुंडी यांच्या मधे एक झडप होती. ती मिटायची. पंपाचं ओढणं तिथल्या तिथे तुटतं. मग हात काढून घ्यायचा, गप्प उभं राहायचं आणि काट्याकडे बघायचं. आत कुठेही, कुठल्याही कोपऱ्यातल्या कुपीत बर्फ उरला असेल, तर त्याची वाफ पिंपात साठते आणि काटा चढतो. सगळं वाळलं असेल तर काटा जागचा हलत नाही. लोक मला विचारतात, बाई, सभा कशी हातात ठेवता? मी हेच करते. बोलून बोलून ओढते आणि मधेच झडप मिटते. गप्प उभी राहते. समोर काही चढतंय का, ते बघते. ज्याला थांबायचा धीर नाही त्याने समोरच्याच्या मनात काय आहे ते मला सांगू नये, मग तो कितीही मोठा पुढारी असो.

त्या साली चैत्रात आपल्या गावची यात्रा होती, आणि यात्रेत गाडे. शहरातल्या माणसाला बैलगाड्याची शर्यत म्हटलं की मौज वाटते. तुम्हाला ती मौज नव्हती. तुम्ही निशाणाचे पंच. घाटाच्या, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या, माथ्यावर रेषेपाशी तुम्ही उभे, हातात पांढरं फडकं. खालून जोडी सुटली की धुळीचा लोट, आरोळ्या, भंडारा, आणि त्या सगळ्यातून पुढच्या बैलाचं नाक रेषेला कधी लागलं ते नेमकं ओळखून तुमचं फडकं खाली यायचं. स्वतःची जोडी पळायची तेव्हा तुम्ही फडकं दुसऱ्याच्या हाती द्यायचात. तुमच्या निशाणावर कधी तंटा झाला नाही. 'अण्णांनी बगितलंय' एवढं म्हटलं की राजुरीपासून आण्याच्या पठारापर्यंत माणसं काठ्या खाली ठेवायची. त्या वर्षी तुमची कोसा आणि पांढरा अशी जोडी भरात होती. आई म्हणायची, पोटच्या पोरांपरास बैलांना जास्त घास भरवतात. आणि त्याच वर्षी नगरच्या अंगाने बुळकांडी आण्याच्या पठारावर चढली.

आमच्या पिंपात तेव्हा लसीची एक खेप वाळत होती. डॉक्टर कोरडा बर्फ आणायला पुण्याला गेले होते आणि जाताना सांगून गेले होते की तारेचा काटा वर आला की खेप काढा. गाडेवाल्यांनाही तसंच सांगितलेलं: यात्रेच्या आधी लस मिळेल, जनावरं टोचून घ्या, मग घाटावर आणा. तारेचा काटा वर आला. मी झडप मिटली. दाबाचा काटा चढला. झडप उघडली, पाणी तसंच कोमट ठेवलं, जेवून आले, पुन्हा मिटली. पुन्हा चढला. तेव्हा मला उमगलं. तार खुपसलेली कुपी कडेची होती, दाराजवळची. कडेला ऊब आधी लागते, ती कुपी आधी वाळते. मधल्या ताटांतल्या कुप्या अजून ओल्याच होत्या. कडेच्या एका कुपीचं ऐकून मधल्या सगळ्यांचं ठरवायचं नाही. अण्णा, हे वाक्य मी पुढे मंत्र्यांच्या तोंडावर म्हटलंय. रस्त्याकडेचं एक गाव बघून तुम्ही तालुक्याचा अहवाल लिहिता, मधल्या ताटांत कोण आहे ते बघा.

दुपारी तुम्ही आलात. मागे गाडेवाल्यांची रांग, आणि पुढे ते मिशीवाले गाडामालक, घाटावरचे तुमचे वैरी आणि घाटाखालचे जिवलग. दारातच त्यांनी आरोळी ठोकली, "आना बाय लस. आज टोचली की बैल यात्रंला मोकळं."

"अजून वाळली नाही."

"डागदर तर म्हनलं व्हतं आज निगंल."

"डॉक्टर म्हणाले होते. काटा म्हणत नाही."

"आता काटा डागदराचं बी ऐकना का?" हशा पिकला. "आगं, थोडी वली तर वली. आमी न्हाई का वलं धोतर अंगावर वाळवीत?"

मग मी बोलू लागले. तुम्हाला आठवत असेल, मी पायरीवर उभी राहिले आणि जे काही माहीत होतं ते सगळं त्यांच्यावर ओतलं. ओली राहिलेली लस या उन्हात वाटेतच मरते, सांगितलं. मेलेली लस टोचण्यापरीस न टोचलेलं बरं, कारण न टोचलेल्या बैलाला माणूस जपतो आणि टोचलेल्याला बेफिकीर गर्दीत घेऊन जातो. एका यात्रेत पाच गावांची गुरं एका हौदावर पाणी पितील, सांगितलं. मिशीवाले गप्प झाले. मागचे गप्प झाले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात तुम्ही काठी आपटलीत.

"आत काय चाललंय ते आमाला कोन सांगनार?"

"मी सांगतेय ना अण्णा."

"तू लई बोलतीस. बोलून मानूस गप व्हतो, त्याला पटत न्हाई. दाव."

चारचौघांत बाप मुलीला असं म्हणाला. माझे कान तापले. आज सांगते, एवढं खरं मला कुणी त्यानंतर सुनावलेलं नाही.

खोली लहान होती, सगळ्यांना आत घेता येत नव्हतं. सगळे म्हणाले, अण्णांनी बघावं. तिथे तेलावरचं इंजिन सांभाळायला जुन्नरचे एक चाचा होते, कागद बनवणाऱ्यांच्या जुन्या घराण्यातले. ते उंबऱ्यावर आडवे आले. "अण्णा, पायतान भायेर. देऊळच समजा."

"देव कोन्चा?"

"त्ये अजून ठरलं न्हाई. बेटी म्हनंल त्यो."

तुम्ही जोडे काढलेत आणि आत आलात. इंजिनाची धडधड, स्पिरिटचा वास, पिंपाच्या अंगावर गारव्याचे थेंब. मी तबकडी दाखवली. तुम्ही वाकलात, मग मान मागे घेतलीत, डोळे बारीक केलेत, रेषेवर उभे राहून घाटाखाली बघता तसे. मी झडप मिटली आणि हात काढून घेतला. या वेळी मी एक अक्षर बोलले नाही. काटा सरकू लागला. हळूहळू, मुंगी भिंतीवर चढावी तसा. चाचा इंजिनापाशी उभे, तुम्ही तबकडीपुढे, आणि मी ओठ मिटून. तुम्ही एकदा माझ्याकडे वळून बघितलंत. मग म्हणालात, "उगड. आन् पुन्यांदा मीट." मी पुन्हा मिटली. पुन्हा तो चढला. तुम्ही हुंकार दिलात, जोडे घातलेत आणि बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिलात.

"म्या माज्या डोळ्यानं बगितलंय. काटा चडतोय. आत वलं हाय. लस आज निगनार न्हाई." कुणी काही बोलायच्या आत तुम्ही पुढचं बोललात. "आन् लशीबिगर गाडं पळनार न्हाईत. यंदा घाट बंद."

मिशीवाल्यांचा आवाज खाली आला. "अण्णा, इचार करा. तुमची जोडी औंदा पयली येनार. ह्ये म्या बोलतोय, म्या."

"माजी जोडी दावनीला. तुजी बी."

ते मागे वळून म्हणाले, "निशानवाल्यानं बगितलं म्हनल्यावर काय बोलायचं राव. जुपा गाड्या."

त्या यात्रेत देवाला नैवेद्य झाला, कुस्त्या झाल्या, रेवड्या वाटल्या आणि घाट मोकळा राहिला. कोशाच्या आणि पांढऱ्याच्या शिंगांना तुम्ही रंग लावलात, झूल घातलीत आणि त्यांना गोठ्यातच उभं केलंत. डॉक्टर परत आले, त्यांनी स्वतः झडप मिटून बघितली आणि तारेची कुपी मधल्या ताटात हलवायला सांगितली. मोठ्या मनाचे होते. अखेर एका सकाळी मी झडप मिटली आणि काटा हलला नाही. चाचांनी इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली, तसली शांतता मी नंतर फक्त जिंकलेल्या संपाच्या दुसऱ्या दिवशी ऐकली. ती लस आपल्या गावात टोचली आणि डोक्यावरच्या पाटीत घालून तळेघरलाही नेली. भाताच्या खाचरांच्या बांधावर एक म्हातारा कुपी उजेडात धरून म्हणाला, "मागल्या साली बर्फाचं पानी आनलं व्हतं, औंदा राख आनली का?" पण जनावर त्याने धरलं. त्या पावसाळ्यात पठारावर ज्यांनी टोचून घेतलं नाही त्यांच्या दावणी ओस पडल्या. आपल्या आणि तळेघरच्या बैलांनी चिखलणी केली. मी हे दिमाखात सांगते. पुढेही सांगेन.

आणि सांगताना कायम म्हणत आले की माझ्या बापाने, एका निरक्षर शेतकऱ्याने, काटा आपल्या डोळ्यांनी बघितला आणि म्हणून घाट बंद केला. टाळ्या पडतात. पडायलाच हव्यात. फक्त गोष्ट तिथे संपत नाही.

आपल्या गावातली गुरं टोचून झाली त्या दिवशी तुम्ही मला जुन्नरला सोडायला निघाला होतात. गाडीत आपण दोघंच. आळे गाव मागे पडलं, तुम्ही कासरा सैल सोडलात आणि सहज विचारावं तसं विचारलंत, "काय गं, त्यो काटा काळा व्हता का तांबडा?"

"म्हणजे?"

"लोकं इचारत्यात. काय सांगू?"

"अण्णा, तुम्हाला दिसला नाही?"

तुम्ही बैलांकडे बघत म्हणालात, "घाटाखालच्या बैलाचं नाक दिसतं मला. माज्या नाकावरची माशी न्हाई दिसत. चाळिशी लागून लई दिस झालं. निशानवाल्यानं चष्मा लावला तर लोकं फडकं काडून घेतील."

"मग तुम्ही तिथे बघितलंत काय?"

"तुला बगितलं. झडप मिटलीस आन् गप ऱ्हायलीस. दोन्ही बारीला. जल्माची बडबडी पोर गप ऱ्हाती म्हंजी तिला कायतरी दिसत असनार."

मी हसले, मग मला हसू आवरेना, मग ते हसू राहिलं नाही. तुम्ही तिकडे लक्ष दिलं नाहीत. बैलांना उगीचच हाकललंत.

पुढच्या यात्रेत तुमची जोडी दुसरी आली. कोशाचं भरातलं वर्ष गोठ्यात गेलं होतं. मिशीवाले पहिले आले आणि ओरडत फिरले की पोरीच्या काट्याने अण्णांचा गाडा अडवला. पण त्याच्या आधीच तुम्ही पंचांना सांगितलं होतं की तुम्ही निशाण सोडताय. कारण कुणालाच सांगितलं नाहीत. मला सांगितलंत, परड्यात, बैलांना पेंड घालताना. "एकदा न बगता 'बगितलं' म्हनलो. खरं निगालं, ते तुजं. पर आता फडकं धरायचा मला हक न्हाई." आणि ते पांढरं फडकं कमरेतून काढून माझ्या हातात दिलंत. सोनं दिलं असतंत तर मी कधीच मोडून खाल्लं असतं. ते फडकं माझ्या सभेच्या पिशवीत आहे. घाम पुसायला म्हणून काढते, पण घाम पुसत नाही.

वर्षानुवर्षं मला वाटत आलं की ही माझ्यावरच्या विश्वासाची गोष्ट आहे, म्हणून घरातच राहू द्यावी. आता तसं वाटत नाही. तुम्ही माझा चेहरा वाचलात कारण तबकडी तुमच्यासाठी केलेलीच नव्हती. ती शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या, खोलीत बसणाऱ्या माणसासाठी केलेली होती. ज्यांचे बैल पणाला लागले होते ते दाराबाहेर उभे होते, आणि त्यांच्या वतीने आत गेलेल्या एकमेव माणसाला ती वाचता येत नव्हती. तुमच्या घरात तिथली पोर होती म्हणून निभावलं. या बायकांची पोर काचेच्या खोलीत नाही. त्यांनी कुणाचा चेहरा बघायचा? वरच्या मजल्यावरचा साहेब त्यांना दिसतही नाही, त्याचा फक्त निरोप येतो. आणि ज्या माणसाने सगळ्या तालुक्याचा न्याय केला, त्याला एका बारीक काट्यापायी आपलं निशाण सोडावं लागलं. हे मी पुन्हा कुणाच्या बाबतीत होऊ देणार नाही.

म्हणून उद्या मी त्यांना सगळं सांगणार आहे, तुमच्या चाळिशीसकट. पगाराचं, सुट्टीचं, पाळीचं पुढच्या सभेत बोलू. उद्या मागणी एकच. मालक म्हणतील, आकडे बायकांना काय समजणार. झडप मिटली आणि काटा चढला की ओलं, न चढला की वाळलं. एवढं समजायला चुलीपुढचा एक प्रश्न पुरतो, तो तुम्ही विचारला होतात.

हे पत्र धाडायचं कुठे हा प्रश्नच नाही. याची घडी करून फडक्यात ठेवीन, आणि सभेत हात घातला की लागेल हाताला. आता एकच राहिलं, अण्णा. त्या दिवशी गाडीत मी तुम्हाला उत्तर दिलं नाही, आणि नंतर तुम्ही विचारलं नाहीत. गेले कित्येक दिवस मी डोळे मिटून ती तबकडी आठवतेय. तबकडी दिसते, आकडे दिसतात, तुमची मागे घेतलेली मान दिसते. काटा काळा होता असं वाटतं. पण पायरीवर उभं राहून, चारचौघांत, बगितलंय म्हणून सांगता येणार नाही.

तेव्हा सभेत शेवटी एवढंच म्हणेन: बायांनो, आज घरी जाण्याआधी कारखान्याच्या फाटकात थांबा, आणि काटा माडीवरून खाली आणून दाराशी लावून घ्या. एवढा मोठा, की चष्मा नसलेल्या माणसालाही त्याचा रंग सांगता येईल.